बिनतेलाचं दार

मस्तगड, जालना
६ मे २००३

श्री. रामराव व्याही यांना साहेबरावाचा रामराम. सौ. दुर्गाबाई विहीणबाईंना नमस्कार, जावईबापूंना आशीर्वाद. इकडं आम्ही सगळे खुशाल आहोत, तिकडची खुशाली कळवत जावी.

आधी एक हिशेब सांगतो. काल आपल्या बेबीची, तुमच्या सुनेची, सोनोग्राफी केली. मशीनचे साडेतीनशे. जीप दवाखान्यासमोर उभी राहिली, तिची एक फेरी बुडाली ती वेगळी. मशीन चालू व्हायच्या आधीच बेबीच्या आईनं, सोनूबाईनं, राजूरच्या गणपतीला एकवीस नारळ बोलून टाकले, ते वेगळे. आणि मी, कधी कुणासाठी ताटकळत न बसणारा माणूस, अख्खी सकाळ बायकांच्या दवाखान्यात मांडीवर थर्मास घेऊन बसलो, त्याची किंमत तुम्हीच लावा. एवढा खर्चा करून हातात काय आलं? एक आकडा. पाच.

घाबरू नका. बाळ बिलकुल ठीक आहे, ठोके बराबर आहेत. झालंय एवढंच की पोटात बाळाच्या भोवती जे पाणी असतं, ते जरा कमी भरलं. हे पाणी कसं मोजतात ते मी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं. पोटाचे चार भाग धरायचे, प्रत्येक भागात पाणी किती खोल आहे ते मशीनवर बघायचं आणि चारींची बेरीज करायची. मला हे फौरन पटलं. टँकर उताराला उभा असला की आम्हीसुद्धा एका जागी काठी घालून भरवसा ठेवत नाही, चारी कोपऱ्यांत घालतो. तर ती बेरीज आठाच्या आसपास तरी पाहिजे होती, बेबीची पाच निघाली.

मी विचारलं, "बाई, गळती कुठं आहे?"

डॉक्टरीणबाई हसल्या. म्हणाल्या, "तेच आधी तपासलं, काका. गळती नाही. कारणं पुष्कळ असतात, कधी कधी कळत पण नाहीत. पण हिची जीभ कोरडी दिसते. पाणी किती पितेस गं?"

बेबी म्हणाली, "पिते की."

"आता जेवढं पितेस त्याच्यावर रोज दोन लिटर जास्त. एकदम नाही, दिवसभर थोडं थोडं. आणि डाव्या कुशीवर आराम. सगळ्यांचं वाढतंच असं नाही, पण पुष्कळांचं वाढतं, म्हणून आधी हेच करून बघू. आठवड्यानं परत या."

नाही वाढलं तर काय, हे मी विचारलं नव्हतं, तरी त्यांनी सांगून टाकलं. नाही वाढलं तर औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल आणि कदाचित बाळाला वेळेच्या आधी बाहेर काढावं लागेल. आठवा आत्ता कुठं सरत आलाय. बाळ कच्चं निघेल.

पण रामराव, खरं सांगू? मला हसू आलं. औषध सांगितलं काय, तर पाणी! आणि सांगितलं कुणाला, तर मला! खांद्यावर कावड घेऊन हॉटेलांत पाणी भरणाऱ्या कचरूचा मी पोरगा. आज अंगणात चार टँकर उभे आहेत. मे महिन्यात अर्धं जालना माझ्या हॉर्नची वाट बघतं. माझ्या घरात पाण्यावाचून अडायचं?

शिवाय माझे कान तुम्हाला माहीत आहेत. खाली टँकरचा कॉक थेंबभर गळला तरी मी माडीवर झोपेतून उठतो. कोणता ड्रायव्हर कोणत्या गेअरमध्ये चढ चढला, ते मी ऑफिसात बसून सांगतो. या घरात माझ्या कानाला चुकवून काही होत नाही. तेव्हा बेबी पाणी पिते की नाही याची काळजी तुम्ही करू नका.

फोन केला असता, पण तुमच्या धावड्याचा फोन किराणा दुकानात. दुकानदार "जरा जोरात बोला" म्हणतो आणि शेजारी सुपारी कातरत ऐकत बसतो. संध्याकाळपर्यंत गावात आपल्या बेबीच्या पोटाची चार तोंडांनी चार मापं झाली असती. म्हणून पत्र.

पहिलं बाळंतपण माहेरचं. जबाबदारी माझी. निश्चिंत असावं.

आपला,
साहेबराव


मस्तगड, जालना
१३ मे २००३

श्री. रामराव व्याही यांना रामराम.

आपलं पत्र भोकरदनच्या एस.टी.च्या कंडक्टरनं आणून दिलं. "टँकरवाल्याच्या घरी आमची सून तहानली कशी?" हे वाक्य दोनदा वाचलं. अक्षर तुमचं आहे, पण फटका विहीणबाईंचा वाटतो. त्यांना सांगावं, बराबर बसला.

तुम्ही लिहिता की सातव्यापर्यंत पोरगी तुमच्याकडं होती, तेव्हा टवटवीत होती. मान्य. ओटभरण करून आणली तेव्हा गाल वर आले होते तिचे, मी पाहिलं. पण धावड्याला वारा आहे, झाडं आहेत. इथं मस्तगडात भिंती तापतात. मला तरी उन्हाचंच कारण दिसतं. सोनूबाई म्हणते, नजर लागली. भिवा ड्रायव्हर म्हणतो, मशीनमध्येच फरक असंल, मालक, आपला डिझेलचा काटा बी असाच खोटं दाखवतो.

आम्ही इकडं काय करून राह्यलो ते ऐका. बाजारातून कोरं करकरीत लिटरचं माप आणलं. पाणी कोणतंही नाही, राजूर रोडला एका मळ्यातली गोड विहीर आहे, भिवा पहिल्या फेरीला तिथून बेबीसाठी वेगळी कळशी भरून आणतो. शहाळी, ताक, लिंबाचं सरबत, सगळं बेबीच्या उशाशी. धर्मराज नावाचा एक ड्रायव्हर आहे, नुसता बोलघेवडा, पण मनाचा साफ, तो दोन टरबुजं खांद्यावर घेऊन आला. सगळ्या पोरांना मी ताकीद दिली की येता-जाता लक्ष ठेवायचं. आता चारी ड्रायव्हर अंगणातून माडीकडं बघून ओरडतात, "ताई, पाणी पिल्या का?" सारी गल्ली ऐकते. घर कसं कामाला लागलंय!

मी स्वतः जातो.

"बेबी, किती झालं?"

"झालं, नाना."

"तांब्या?"

"रिकामा."

बघतो तर खरंच रिकामा. शहाळ्यांची टरफलं पण रिकामी. मस्तगडच्या बाया तिला भेटायला येतात, कधी चार, कधी सहा, दुपारभर माडीवर हसणं-खिदळणं चालतं. माझ्या मनाला बरं वाटलं.

आता जे लिहायचं टाळून राह्यलो ते लिहितो. काल परत दवाखान्यात गेलो. साडेचार.

डॉक्टरीणबाईंनी मशीनकडं बघितलं, मग माझ्याकडं. "काका, पिते ना ती?"

म्हणलं, "मोजून."

"असं असेल तर मला काळजी वाटते. येत्या सोमवारपर्यंत थांबू. सोमवारी हेच दिसलं तर औरंगाबादला चिठ्ठी लिहून देते."

जीपमध्ये बेबी खिडकीतून बाहेर बघत होती. मी दोनदा काहीतरी विनोद केला. एरवी माझ्या फालतू विनोदाला पण हसते ती.

विहीणबाई स्वतः यायचं म्हणतात. त्यांचं घर आहे, कधीही यावं. पण आत्ता नको. घर लहान पडतं. म्हणजे दोन मजली आहे, तुम्ही पाहिलंय, लहान कसं म्हणू. पण हंगामाचे दिवस, दिवसभर ड्रायव्हर-क्लीनर लोकांची अंगणात बैठक असते, बायामाणसांना जरा अवघड जातं. म्हणून म्हणलं.

आणि तुमच्या पत्रात शेवटी जी ओळ आहे, की "जमत नसेल तर पोरगी इकडं आणून घालतो", ती मी सोनूबाईला वाचून दाखवली नाही. पहिलटकरीण माहेराहून बाळंतपणाआधी परत नेली, तर मला जालन्यात कुणाला तोंड दाखवता येईल का, सांगा. पण रामराव, माझ्या तोंडापेक्षा बाळ मोठं आहे, हे मला कळतं. सोमवारपर्यंत मला वेळ द्या. सोमवारी काटा हलला नाही तर तुम्ही म्हणाल ते मी मान खाली घालून करीन. हे वाक्य लिहायला मला दोन कागद फाडावे लागले.

आपला,
साहेबराव


मस्तगड, जालना
२१ मे २००३

श्री. रामराव व्याही यांना साष्टांग नमस्कार. रामराम नाही, साष्टांग. का ते पुढं कळेल.

आपण माझ्या पत्राला उत्तर लिहिलं नाही, विहीणबाईंनाच एस.टी.त बसवून दिलं. उत्तर पोचलं. आता त्या तुम्हाला सगळं सांगतीलच, पण त्यांच्या आधी माझ्या हातचं वाचा. त्या सांगतील त्यात मी आणखी लहान दिसेन.

आमच्या घराचा संडास तुम्ही पाहिला नसेल. लग्नाच्या वेळी तुम्ही सगळे धर्मशाळेत उतरला होता. तो आहे अंगणाच्या पार त्या टोकाला, मध्ये टँकर उभे असतात, बाजूला बाज टाकलेली असते आणि बाजेवर फेरीची वाट बघत ड्रायव्हर बसलेले असतात. संडासाला पत्र्याचं दार आहे. ते दार उघडताना असं किंचाळतं की रस्त्यावरचं कुत्रं उठून बसतं.

त्याला तेल घालायचं नाही, हा माझा हुकूम होता. का? ड्रायव्हर लोक आत जाऊन बिडी ओढत बसायचे आणि भरलेला टँकर बाहेर उभा. तेव्हा मी ठरवलं, दार वाजू दे. ऑफिसात बसल्या बसल्या मला कळायचं, कोण गेला, किती वेळ बसला, कधी निघाला. धर्मराज आत पेपर वाचतो हे मी नुसतं कानानं पकडलं होतं. या युक्तीची मी बाजारात चार जणांपुढं तारीफ पण केली होती.

तर तुम्हाला मागचं पत्र पाठवलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात बसलो होतो. दार वाजलं, भिवा गेला. दार वाजलं, भिवा आला. दार वाजलं, धर्मराज. आणि एकदम माझ्या डोक्यात आलं. जी पोरगी दिवसाला कळशी संपवते, ती जाते कधी? मी तो सगळा दिवस कान लावून बसलो. बेबीसाठी दार वाजलंच नाही.

माडीवर गेलो. म्हणलं, "बेबी, खरं सांग. पाणी पिते का तू?"

"पिते की, नाना."

"मंग दार का वाजत न्हाई?"

 ती हसायला लागली, आणि हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "दार वाजतं म्हणूनच पित न्हाई, नाना. पाणी पिलं की जावं लागतं. मी खाली उतरले की बाजेवरचे सगळे गप्प. मंग ते दार बोंबलतं. एकदा धर्मराजदादा न बघताच ओरडला, 'कोण रे, टँकर खाली करायला गेला?' मी आत होते. त्या दिवशी मी बाहेरच येईना. तवापासून सूर्य बुडेपर्यंत नुसतं तोंड ओलं करते."

"आणि शहाळी?"

"मस्तगडच्या बायांनी पिली."

"ताक? तांब्यातलं पाणी?"

"त्यांनीच."

रामराव, त्या बायांपैकी कुणाला दिवस गेले असतील तर त्यांचं पाणी आता विसाच्या पुढं गेलं असेल.

मी म्हणलं, "अगं, मंग आईला तरी सांगायचं!"

सोनूबाई दारातच उभी होती. म्हणाली, "मला काय सांगायचं? मी तीस वर्षं तेच करून राह्यले. सकाळी चहा घेतला की दिवस मावळेपर्यंत मी पाण्याला हात लावत न्हाई."

तुम्हाला माहीत नसेल, सोनूबाईचं डोकं रोज दुपारी दुखतं. मी तिला बाम आणून देतो. चांगल्या कंपनीचा.

मी उठलो. खाली गेलो, तेलाचा डबा घेतला आणि स्वतःच्या हातानं दाराच्या बिजागऱ्यांत तेल सोडलं. चारी ड्रायव्हर बाजेवरून उठून उभे राहिले, जसा कुणी झेंडा उतरवतोय.

"मालक, तेल?" भिवा म्हणाला.

"तेल."

"मंग आता आमच्यावर ध्यान कसं ठेवणार?"

मग मला त्यांना सांगावंच लागलं, आडून आडून का होईना. धर्मराजच्या तोंडाला पहिल्यांदाच कुलूप लागलं. भिवा म्हणाला, "मालक, आमाला आधी सांगायचं ना. आमच्या घरी बी लेकी हायेत. आता बघा, ताईला काय बी तरास व्हायचा न्हाई."

त्यांनी आपसांत काय ठरवलं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दार आता मुकं झालं होतं, म्हणून बेबी धीर करून खाली उतरली. तिचा पाय शेवटच्या पायरीला लागला आणि चारी जण एकदम उठले, वळले आणि भिंतीला नाक लावून उभे राहिले. अंगठे धरायचे तेवढे राहिले होते. बेबी पायरीवरूनच परत वर आली. म्हणाली, "नाना, हे त्याच्यापेक्षा वाईट हाये."

आणि नेमक्या त्याच वेळेला विहीणबाई पिशवी घेऊन फाटकातून आत आल्या. बघतात तर चार धडधाकट माणसं भिंतीकडं तोंड करून उभी.

"इवाई," त्या म्हणाल्या, "चोर धरले का काय?"

मी पाणी दिलं. त्यांनी तांब्या घेतला, बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "संडास कुठंय?" गेल्या. आल्या. परत तांब्याकडं बघितलं, पण पाणी पिल्या नाहीत. तेवढ्यातूनच मला सगळं भाषण ऐकू आलं. तरी त्यांनी ते केलंच.

"इवाई, सुपारी फुटायच्या आधी तुमी आमच्या घरी संडास बांधायला लावल्ता, ध्यानात हाये का?"

"हाये."

"तुमी म्हणले व्हते, माझी लेक टमरेल घेऊन रानात जाणार न्हाई."

"म्हणलो व्हतो."

"ओसरीला लागून, आतून दार. पोरीला अंगण वलांडायला लागू नये, म्हणून. नकाशा बी तुमीच काढून दिल्ता. आमच्या ह्यांनी त्यो जपून ठेवलाय, गावात दाखवत फिरत्यात, का आमचा इवाई लई डोक्याचा हाये. मला वाटलं, ज्याचं डोकं असं चालतं त्याच्या घरी बी असंच असंल."

 सोनूबाई पदरात हसत होती. तीस वर्षांत एवढं मनापासून हसताना मी तिला पाहिलं नव्हतं, आणि तेही माझ्या खर्चानं.

विहीणबाई माडीवर गेल्या. बेबीच्या खोलीशेजारचं दार ढकललं. "हितं काय हाये?"

"टायर. जुने-नवे."

"टायरला रातच्याला उठावं लागतं का?"

बस्स. त्याच संध्याकाळी गवंडी आला. ड्रायव्हर लोकांनी टायर खाली उतरवले, भिवानं नळ्या आणल्या, धर्मराजनं तोंड न उघडता नाली खोदली. पण खोली तयार व्हायला दोन-तीन दिवस तरी लागणार आणि सोमवार तर जवळ येऊन राह्यला. तोपर्यंत काय करायचं? तेव्हा मात्र माझं डोकं चाललं. मी भरलेला एक टँकर अंगणात आडवा लावला, जिन्याच्या पायथ्यापासून थेट संडासापर्यंत. पलीकडं ड्रायव्हर, अलीकडं बेबी. त्याच्यावर लिहिलंय "पिण्याचे पाणी", पण या वेळी तो पडदा म्हणून उभा होता. गिऱ्हाईकांचे फोनावर फोन. एक शेठ म्हणाला, "साहेबराव, लग्नाघरी पाणी नाही, टँकर कुठंय?" म्हणलं, "टँकर दवाखान्याच्या कामात आहे."

विहीणबाईंनी माझं लिटरचं माप खिडकीतून खाली फेकायला लावलं. म्हणाल्या, "तहान मापानं लागती का?" त्या बेबीजवळ बसायच्या, स्वतः एक घोट घ्यायच्या, तिला एक द्यायच्या, गप्पा मारायच्या, परत एक घोट. मस्तगडच्या बाया आल्या तर त्यांना खाली सोनूबाईकडं चहाला वळवायच्या. पहिल्या दिवशी बेबी टँकरच्या आडोशानं किती वेळा गेली ते मला सांगता येणार नाही. दाराला तेल होतं.

सोमवारी मशीनवर मी बघत नव्हतो. भिंतीवर पाटी आहे, मुलगा की मुलगी ते विचारू नये. मी म्हणलं, "बाई, मी ते विचारत नाही. मला फक्त पाण्याचं सांगा."

पावणेआठ.

डॉक्टरीणबाईंनी दोनदा मोजलं. म्हणाल्या, "छान. आता औरंगाबाद नको. असंच चालू ठेवा, पुढच्या सोमवारी परत बघू. काय बदल केला हो, काका?"

"टँकर आडवा लावला," मी म्हणलं.

त्यांना काय समजलं कुणास ठाऊक. पण बेबी जीपमध्ये घरापर्यंत हसत आली, आणि मी काही विनोद पण केला नव्हता.

टायरच्या खोलीत आता पांढऱ्या फरशा आहेत, आतून कडी आहे. सोनूबाई काल दुपारी पहिल्यांदा तिथं गेली आणि बाहेर येऊन तांब्याभर पाणी पिली. मी जिन्याखाली उभा होतो. मला घोट ऐकू येत होते.

तेव्हा रामराव, विनंती अशी की विहीणबाईंना बाळंतपण होईपर्यंत इथंच राहू द्यावं. तुमच्या भाकरीची आबाळ होईल हे कळतं. जावईबापूंना पण त्यांच्यासोबत राहायला चार दिवस पाठवून द्या, म्हणजे तुमच्याकडं खाणारं तोंड कमी होईल. आणि तो नकाशा आता फाडून टाका.

आपला, नकाशा काढून दिलेला,
साहेबराव


मस्तगड, जालना
१५ जून २००३

श्री. रामराव व्याही यांना रामराम, आणि आता आजोबांना रामराम.

तार मिळाली ते तुमच्या पत्रावरून कळलं. जावईबापूंनी तुमच्या किराणा दुकानात फोन पण केला, म्हणजे गावाला तुमच्या आधी कळलं असेल. आता नातीचं सविस्तर सांगतो. पावणेतीन किलो. ऑपरेशन नाही, काही नाही. पुऱ्या दिवसांची, पुऱ्या तयारीनं आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी शेवटपर्यंत चांगलं होतं. बेबी ठीक आहे, विहीणबाई तिला डिंकाचे लाडू करून घालतात आणि सोनूबाईला पण घालतात. सोनूबाईचं डोकं दुखायचं थांबलंय. बामाची बाटली मी धर्मराजला देऊन टाकली.

पोरीचं नाक तुमचं आहे. एवढं सोडलं तर देखणी आहे.

बारशाला सगळ्यांनी यावं. या वेळी धर्मशाळेत उतरायची गरज नाही, माडीवर व्यवस्था आहे.

तुम्ही पत्रात एक विचारलं होतं. लिहिलं होतं, "आमच्या घरी साठ वर्षांत पोरगी जन्मली नव्हती, तुमचे कान तेवढे तेज, तर नातीचा पहिला आवाज कसा होता ते सविस्तर लिहून कळवा." इथं बाजारात मला सगळेच विचारतात. त्यांना मी सांगतो, नव्या गाडीच्या हॉर्नसारखा, खणखणीत, भिंतीपलीकडून पण ओळखू आला. चार जणांना सांगितलं तेव्हा भिवा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. चांगला माणूस आहे.

तुम्हाला मात्र खोटं लिहवत नाही. दुपार होती, दवाखान्याच्या व्हरांड्यात पंखा होता, आदल्या दिवसापासून पाठ टेकली नव्हती. सोनूबाई आत होती, विहीणबाई आत होत्या, जावईबापू दाराला कान लावून उभे होते. पोरगी रडली ते म्हणे रस्त्याच्या पलीकडच्या पानटपरीपर्यंत ऐकू गेलं.

मी बाकावर झोपलो होतो. भिवानं मला हलवून उठवलं.

आपला,
साहेबराव